शितावरून भात कळतो, खडा कळत नाही

सातारा जिल्ह्यात पनीर आणि श्रीखंडाचं छोटं युनिट चालवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे, साल्मोनेला या अन्नातून विषबाधा करणाऱ्या जिवाणूबद्दल. थोडक्यात असा: "माझ्या पनीरचा साल्मोनेलाचा रिपोर्ट यायला पाच दिवस लागतात. तोवर निम्मा माल खपलेला असतो. आणि बातम्यांत वाचते की नखाएवढ्या चिपवर अर्ध्या तासात जंतू कळतात. मग माझ्या लॅबला पाच दिवस कशाला हवेत? असं यंत्र मी युनिटमध्येच आणून ठेवलं तर चालेल का?"

मी आधी बरीच वर्षं अन्न-तपासणीच्या लॅबमध्ये प्लेटा वाचल्या, नंतर जंतू ओळखणाऱ्या चिप बनवणाऱ्या गटात गेलो. दोन्ही घरचं मीठ खाल्लंय, त्यामुळे कुणाचीच बाजू घेण्याची सोय नाही. उत्तर आधीच सांगून टाकतो. बातमी खोटी नाही आणि तुमची लॅबही टंगळमंगळ करत नाही. तो अर्धा तास आणि हे पाच दिवस मुळात वेगवेगळ्या कामांचे आहेत. यंत्र मात्र आत्ता घेऊ नका. का, ते सांगायला थोडा वेळ लागेल.

पाच दिवस लॅबमध्ये काय चालतं ते आधी बघू. तुमच्या पनीरमधले २५ ग्रॅम जाळीच्या पिशवीत घेतात, त्यात २२५ मिलि बफर्ड पेप्टोन वॉटर ओततात आणि पिशवी मशीनमध्ये घालून कुटून घेतात. हे पाणी म्हणजे आजाऱ्याला दिलेली पेज. उष्णतेनं, आंबटपणानं, थंडीनं अर्धमेले झालेले जिवाणू त्यात सावरतात. ३७ अंशांच्या आसपास १८ तास. दुसऱ्या दिवशी त्यातला थोडा भाग अशा माध्यमात टाकतात, जिथे साल्मोनेला तगतो आणि बाकीची गर्दी मागे पडते. त्याला आणखी एक दिवस. तिसऱ्या दिवशी एक्सएलडी प्लेटवर, म्हणजे जिवाणूंचं खाद्य थिजवलेल्या बशीवर, रेघा ओढतात. चौथ्या दिवशी सकाळी झाकण उचललं की साल्मोनेलाची वसाहत ओळखता येते: लालसर आणि मधोमध काळा ठिपका, जणू कुणी काजळाची तीट लावली आहे. पण तशी तीट लावून इतरही काही जिवाणू येतात, म्हणून संशयित वसाहत वेगळी वाढवून तिच्या रासायनिक आणि सिरमच्या चाचण्या होतात. तोवर पाचवा दिवस उजाडतो.

या पाच दिवसांत दोन कामं एकमेकांत मिसळलेली आहेत. एक वाढवण्याचं, दुसरं ओळखण्याचं. चिप ओळखण्याचं काम झपाट्यानं करते, वाढवण्याचं नाही. आणि तुमच्या बाबतीत वाढवल्याशिवाय भागत नाही.

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो. एक शीत चिमटीत दाबलं की सगळा भात शिजला का ते कळतं, कारण सगळी शितं एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. दूध संकलनाच्या वेळी अँटिबायोटिकची पट्टी बुडवून बघता ना, ती याच न्यायानं चालते. औषध दुधात विरघळलेलं असतं. कॅनमधला कुठलाही थेंब घ्या, प्रमाण तेच. पण त्याच भातात एक खडा असेल तर? चार शितं दाबून "खडा नाही" असं कोण सांगेल? साल्मोनेला हा खडा आहे. आणि नियम म्हणतो, २५ ग्रॅममध्ये एकही नको.

आता हिशेब करा. पिशवीत एकूण २५० मिलि आहे. चिपच्या पोटात मावतं साधारण ५ मायक्रोलिटर, टाचणीच्या डोक्याएवढा थेंब. २५० मिलिचे असे ५०,००० थेंब होतात. पिशवीत जिवाणू एकच असेल, तर तो नेमका तुमच्या थेंबात येण्याची शक्यता ५०,००० मध्ये एक. बाकी ४९,९९९ वेळा चिप अगदी प्रामाणिकपणे "नाही" म्हणेल, आणि तुम्ही माल गाडीत भराल.

म्हणून वाढवावं लागतं. समजा चिपला दर मिलिलिटरमागे दहा हजार जिवाणू मिळाले तर ती खात्रीनं बोलते. त्या ५ मायक्रोलिटरमध्ये मग पन्नास येतात. एका जिवाणूपासून तिथवर पोचायचं, म्हणजे २५० मिलिमध्ये २५ लाख व्हायला हवेत. त्यासाठी त्यानं २१-२२ वेळा दुप्पट व्हायला पाहिजे. सुखात असलेला साल्मोनेला ३७ अंशांना वीस ते तीस मिनिटांत दुप्पट होतो. झाले सात ते अकरा तास. त्याआधी अर्धमेल्याला अंग सावरायला लागणारे दोन-चार तास निराळे. बातमीतला अर्धा तास या सगळ्यानंतर सुरू होतो. बातमीदार तो भाग गाळतात, आणि खरं सांगायचं तर प्रात्यक्षिकाच्या दिवशी आम्हीही तो सांगायला फारसे उत्सुक नसतो.

तरी चिपला कमी लेखू नका. कल्पना तशी जुनी आहे. १९७९ साली स्टॅनफर्डमध्ये सिलिकॉनच्या चकतीवर वायू वेगळे करणारं अख्खं यंत्र कोरलं गेलं होतं. १९९० मध्ये अँड्रियास मान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की नमुना आत घेण्यापासून निकाल देण्यापर्यंतची सगळी प्रयोगशाळाच आक्रसून एका तुकड्यावर आणता येईल. लहान करण्याचा फायदा जागा वाचते एवढाच नाही. पीसीआर म्हणजे जंतूच्या डीएनएच्या प्रती काढून त्याला ओळखायची पद्धत. त्यासाठी नमुना ९५ अंशांपर्यंत तापवायचा, ६० च्या आसपास आणायचा, असं पस्तीस-चाळीस वेळा करायचं असतं. मोठ्या हंड्यातलं पाणी तापायला वेळ लागतो, चमच्यातलं लगेच तापतं. तसंच इथे. थेंबभर द्रव काही सेकंदांत तापतो आणि निवतोही, त्यामुळे वीजही थोडी लागते, बॅटरीवर काम भागतं. महागडी एन्झाइम थेंबभरच लागतात. आणि चिप बंद असेल तर आतल्या अब्जावधी प्रती बाहेर उडत नाहीत. हे शेवटचं किती मोलाचं आहे ते, साध्या पाण्याचा नमुना "पॉझिटिव्ह" आल्यावर अख्खी खोली आठवडाभर पुसणाऱ्याला विचारा. मी पुसली आहे.

पण लहानपणाचे स्वतःचे नखरे असतात. तुमच्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येतात आणि एक होतात. चिपमधल्या केसाएवढ्या वाटेत असा संगम होत नाही. निळं आणि लाल पाणी दोन बाजूंनी सोडलं तर ते रेल्वेच्या रुळांसारखं शेजारीशेजारी चालत राहतं. भोवरा नाही, खळखळ नाही. मिसळायचं तर आपापल्या मंद भटकण्यानंच. औषधाचा किंवा रंगाचा कण लहान, तो सेकंदा-मिनिटांत पलीकडे पोचतो. जिवाणू त्याच्यापुढे हत्ती. स्वतःहून न पोहणाऱ्या जिवाणूला ५० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी अंतर, नुसतं भटकत कापायला पाऊण-एक तास लागतो. तळाला अँटिबॉडी, म्हणजे नेमका तोच जिवाणू पकडणारी प्रथिनं, चिकटवून ठेवल्या आणि जिवाणू वरच्या वर निघून गेला, तर सापळा रिकामाच राहणार. म्हणून वाटेच्या तळाला तिरक्या खाचा पाडतात. हार्वर्डमधल्या एका गटानं २००२ साली दाखवलेली ही युक्ती आजही चालते, पाणी त्या खाचांवरून जाताना गिरक्या घेतं. किंवा मग सापळाच जिवाणूकडे पाठवायचा: अँटिबॉडी लावलेले लोहचुंबकीय मणी, दोन-तीन मायक्रॉनचे, नमुन्यात सोडायचे, ढवळायचे आणि बाहेरून चुंबक लावून मण्यांसकट जिवाणू एका कोपऱ्यात ओढायचे.

पहिली चिप बहुतेक जण पारदर्शक सिलिकॉन रबराची ओततात. दहा भाग रबर, एक भाग ते घट्ट करणारं द्रव्य. घोटून घोटून पांढरं फेसाळ झालं की निर्वात भांड्यात ठेवून बुडबुडे काढायचे. काकवीसारखं ते साच्यावर ओतायचं, ७०-८० अंशांना तासा-दोन तासांत घट्ट होतं. सोलून काढलं की हातात खरवसाच्या वडीसारखं थरथरतं, फक्त काचेसारखं आरपार दिसतं. फार लोभस प्रकार आहे. पहिल्यांदा बनवणारा विद्यार्थी ते खिशात घालून घरी दाखवायला नेतो. पण याच रबरातून वाफ निसटते. ९५ अंशांना थेंब सुकायला लागतो, एखादा बुडबुडा फुगून द्रव बाहेर ढकलतो आणि पडद्यावरची रेषा अशी वेडीवाकडी चढते की अननुभवी माणूस तिला पॉझिटिव्ह समजतो. बाजारात येणाऱ्या चिप म्हणूनच बहुधा कडक प्लास्टिकच्या, साच्यात दाबून काढलेल्या असतात. प्रबंधातली चिप आणि दुकानातली चिप यांत इथूनच अंतर पडायला सुरुवात होते.

आता माझी स्वतःची फजिती. आमच्या एका चिपचे आकडे फार सुंदर येत होते. बफरमध्ये, म्हणजे स्वच्छ खारट पाण्यात, मिलिलिटरमागे शंभर जिवाणूही ती पकडायची. आम्ही खूश. मग मी म्हटलं, खऱ्या मालावर बघू. कोपऱ्यावरच्या डेअरीतून पनीर आणलं, निरुपद्रवी ई-कोलाय त्यात मिसळला, कुटून पाणी काढलं आणि सिरिंज पंपानं आत सोडलं. वाट १०० मायक्रॉनची. पहिलं अर्धं मिनिट बरं गेलं. मग सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं की पहिल्याच वळणावर केसिनचा, म्हणजे दुधातल्या प्रथिनाचा, एक गठ्ठा अडकलाय, त्याला दुसरा येऊन चिकटला, त्यांच्यावर लोण्यासारखा थर बसायला लागला. पंपाला काय त्याचं, तो रेटत राहिला. दीड-दोन मिनिटांत नळी सांध्यातून सुटली आणि पांढरी पिचकारी थेट माझ्या सहकाऱ्याच्या चष्म्यावर. त्यानं शांतपणे चष्मा पुसला, आणि "पनीर टिक्का" एवढंच म्हणाला.

नंतर गाळून पाहिलं. गाळणीत चोथ्याबरोबर जिवाणूही अडकले. चुंबकीय मणी वापरले. त्यांच्यावर चरबीचा लेप बसला आणि अँटिबॉडी झाकल्या गेल्या. डीएनए काढून पीसीआर केला. दुग्धजन्य पदार्थातलं कॅल्शियम मॅग्नेशियमच्या आड येतं आणि प्रती काढणारं एन्झाइम अडखळतं. एकेक गाठ सोडवत गेलो. चिप बनवायला चार महिने लागले होते, पनीर चिपपर्यंत आणायला दोन वर्षं. या धंद्यात जो कुणी फक्त चिप दाखवतो आणि नमुना कसा तयार केला त्यावर बोलत नाही, त्याचं काम अजून सुरूच व्हायचं आहे असं मी धरून चालतो.

इलेक्ट्रोडवर जिवाणू बसला की विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा मोजणाऱ्या चिपही असतात. तत्त्व चांगलं, पण मीठ, आम्ल, तापमान सगळ्यांचाच त्या अडथळ्यावर परिणाम होतो. शुद्ध पाण्यात मोजलेला आकडा दुधात टिकत नाही. आणि मसाल्याचा विषय काढला तर रात्र पुरणार नाही. लवंगेचा नमुना तपासताना तो हजारपट पातळ करावा लागतो, दालचिनीचा शंभरपट. नाहीतर मसालाच जिवाणूंना वाढू देत नाही आणि रिपोर्ट खोटाच "साफ" येतो.

तुमच्या पनीरला आणखी एक पेच लागू आहे. पीसीआर डीएनए बघतो, जीव बघत नाही. तुम्ही दूध ९० अंशांच्या आसपास तापवता, तिथे साल्मोनेला मरतो. पण मेलेल्याचा डीएनए लगेच नाहीसा होत नाही. कच्च्या दुधातून आलेले आणि तुम्ही नीट मारलेले जिवाणूही चिपवर "आहे" म्हणून उमटू शकतात. यावर एक उपाय म्हणजे असा रंग, जो फक्त फुटलेल्या पेशीत शिरतो आणि तीव्र उजेड पाडला की तिथल्या डीएनएला कायमचा चिकटतो. त्या डीएनएच्या मग प्रती निघत नाहीत. स्वच्छ पाण्यात तो छान चालतो. दुधाळ नमुन्यात उजेडच आत पोचत नाही. म्हणजे फिरून त्याच पेजेवर येतो: वाढला तो जिवंत, वाढला नाही तो आपल्या हिशेबात नाही. एनरिचमेंटचे, म्हणजे पेजेत वाढवण्याचे, ते तास संख्या वाढवतात आणि जिवंत-मेल्याचा निवाडाही करतात. ते तास नुसते वाया जातात असं समजू नका.

मग ही तंत्रं कुठे चालली? जिथे नमुन्यातच जंतू भरपूर असतात, तिथे. क्षयरोगाचं उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट हे चिपवर पीसीआर करणारं, बॅटरीवर चालणारं यंत्र. त्यामागचं संशोधन बंगळुरूच्या बिगटेकमधलं. थुंकीचा नमुना आधी पातळ करतात, एका वेगळ्या पेटीत कार्ट्रिज लावून त्यातला डीएनए निघतो. मग त्यातले ६ मायक्रोलिटर पिपेटनं उचलून कोरड्या, गोठवून वाळवलेल्या रसायनांच्या इवल्या नळीत टाकायचे, अर्धा-एक मिनिट थांबायचं, द्रव नितळ झाला की तोच थेंब चिपवरच्या पांढऱ्या खळग्यात ठेवायचा. पिपेटचं टोक खळग्याला घासू द्यायचं नाही, बुडबुडा येऊ द्यायचा नाही. तंत्रज्ञांना शिकवताना सगळा जीव या दोन गोष्टींवर असतो. तासाभरात क्षयाचा जिवाणू आहे की नाही ते कळतं. आहे असं निघालं, तर त्याच डीएनएवर दुसरी चिप लावून रिफाम्पिसिन हे क्षयाचं मुख्य औषध लागू पडेल का तेही बघता येतं. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या चाचण्यांना मान्यता दिली. त्याआधी २०१० पासून मान्यता असलेलं जीनएक्स्पर्ट हे तसंच पीसीआरचं यंत्र होतंच, पण त्याला सलग वीज आणि गार खोली हवी असते. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत या दोन्हींची बोंब.

इथे चिप का जिंकली ते बघा. क्षयाचा जिवाणू दुप्पट व्हायला वीसेक तास घेतो. कल्चर, म्हणजे लॅबमध्ये जिवाणू वाढवणं, हे कित्येक आठवड्यांचं काम. वाढवून बघणं परवडणारंच नव्हतं. उलट रुग्णाच्या थुंकीत मिलिलिटरमागे हजारोंनी, लाखोंनी जिवाणू असतात. शितावरून भात कळतो, अशी परिस्थिती. तरीही मेलेल्या डीएनएची अडचण तिथेही सुटलेली नाही. उपचार पूर्ण झालेल्या रुग्णात डीएनए रेंगाळतो, म्हणून औषध लागू पडतंय का ते पाहायला ही चाचणी वापरत नाहीत.

दुसरी जागा लघवीच्या संसर्गाची. तिथे मिलिलिटरमागे एक लाख जिवाणू ही जुनी, रूढ मर्यादा आहे. तोच ५ मायक्रोलिटरचा थेंब घ्या: त्यात पाचशे आले. आणि इथे डीएनएच्या भानगडीत न पडता जिवाणू जिवंत बघण्याची सोय आहे. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात योहान एल्फ यांच्या गटानं २०१७ मध्ये दाखवलं की जिवाणूच्या जाडीच्याच बोळांमध्ये एकेक जिवाणू अडकवून, त्याच्यावरून अँटिबायोटिक वाहतं ठेवून सूक्ष्मदर्शकानं त्याची लांबी मोजत राहिलं, तर औषधानं त्याची वाढ खुंटते की नाही ते अर्ध्या तासाच्या आत कळतं. मला विचाराल तर चिपच्या सगळ्या जगातली ही सगळ्यात देखणी कल्पना. जिवाणू दुप्पट व्हायचीही वाट पाहायची नाही, तो वाढायला लागलाय एवढं दिसलं की झालं. त्याच वाटेनं पुढे निघालेल्या यंत्राला २०२४ मध्ये ब्रिटनचं ८० लाख पौंडांचं लाँजिट्यूड पारितोषिक मिळालं. लघवीत संसर्ग आहे का ते ते पाऊण तासाच्या आत सांगतं, आणि कोणतं औषध चालेल तेही.

आणि एक स्वस्तातलं. दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी बोटावर फिरवायच्या चक्रीत, त्या फिजेट स्पिनरमध्ये, चिप बसवली. हातानं गरगर फिरवली की लघवीतले जिवाणू गाळणीवर गोळा होतात, रंग टाकला की नुसत्या डोळ्यांनी दिसतं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामाची चाचणी तमिळनाडूत तिरुचिरापल्लीला ३९ रुग्णांवर झाली होती. तिथे खरं काम चिपपेक्षा गाळणीचं आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

रक्तातल्या संसर्गात मात्र आम्ही तुमच्याच नावेत आहोत. मिलिलिटरमागे एक ते दहा जिवाणू, तेही लाल पेशींच्या गर्दीत. म्हणूनच इस्पितळात बाटलीत आठ-दहा मिलि रक्त घेऊन आधी वाढवतात.

आता तुमच्या युनिटचं बोलू. समजा तुम्ही यंत्र घेतलंच, आणि मी सांगितलं तसं आधी वाढवायचंही ठरवलं. म्हणजे पनीरच्या कारखान्यात तुम्ही २५० मिलिच्या पिशव्यांमध्ये साल्मोनेला पोसणार. एक पिशवी फुटली, एक हात नीट धुतला गेला नाही, की जो जंतू शोधायला निघालात तो तुम्हीच पेरलात. हे काम वेगळ्या इमारतीत, वेगळ्या माणसांनी, वेगळ्या चपला-कोटांत करायचं असतं, आणि प्रत्येक पिशवी १२१ अंशांना ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक केल्याशिवाय, बाहेर टाकायची नसते. माझा विरोध यंत्राच्या किमतीला नाही, या पिशव्यांना आहे.

त्याऐवजी तुमच्या लॅबला विचारा, की एनरिचमेंटनंतर पीसीआर किंवा लॅम्पनं साल्मोनेलाची प्राथमिक चाचणी करता का, आणि ती तुमच्या एनएबीएल स्कोपमध्ये, म्हणजे लॅबला ज्या चाचण्यांची राष्ट्रीय मान्यता आहे त्या यादीत, आहे का. लॅम्प म्हणजे साधारण ६५ अंशांच्या एकाच तापमानाला डीएनएच्या प्रती काढायची पद्धत, सन २००० ची. अशा लॅबकडून "नाही" हे उत्तर बहुधा दुसऱ्या दिवशी मिळतं. "आहे" आलं तर खात्रीसाठी कल्चर करावंच लागतं, पण तो माल तुम्ही तसाही सोडणार नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकणाऱ्या पनीरचा एक दिवस रोखून ठेवणं परवडतं, पाच दिवस परवडत नाहीत. तुमच्या पाच दिवसांतले खरे वाचण्यासारखे दिवस हेच.

आणि फक्त पनीरच तपासू नका. दूध तापवल्यावर जंतू मरतात. मग ते परत येतात कुठून? दाबून झाल्यावर वड्या ज्या गार पाण्यात टाकता त्या पाण्यातून, दाबायच्या फडक्यातून, हातांतून, आणि जमिनीतल्या गटाराच्या जाळीतून. लिस्टेरिया हा दुसरा घातक जिवाणू तर ४ अंशांनाही निवांत वाढतो, त्याला तुमची कोल्डरूम म्हणजे माहेर. गार पाणी तपासणं पनीरपेक्षा कितीतरी सोपं आहे. १०० मिलि पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून ओढलं की सगळे जिवाणू त्या कागदावर. खडा शोधायला अख्खं पोतं एका मुठीत आलं. पाण्याचा नमुना त्यासाठी लॅबला द्या, पण त्यातलं क्लोरीन रोज सकाळी पट्टी बुडवून तुम्हीच बघा.

युनिटमध्ये झटपट उत्तर देणारं काही हवंच असेल, तर एटीपी मीटर घ्या. एटीपी म्हणजे सगळ्या जिवंत पेशींतलं ऊर्जेचं रसायन, ते हे मीटर मोजतं. काजव्याच्या प्रकाशामागचं जे एन्झाइम आहे तेच त्याच्या काडीत असतं. धुतलेल्या टेबलावर काडी फिरवायची, मीटरमध्ये घालायची, अर्ध्या मिनिटात आकडा. तो साल्मोनेला ओळखत नाही, जिवाणू आणि दुधाचा राहिलेला ओघळ यांत फरकही करत नाही. नका का करेना! ओघळ राहिला म्हणजे धुणं नीट झालं नाही, आणि ते तुम्हाला कामाला लागण्याआधी कळलं. सकाळच्या पाळीतल्या बाई काडी स्वतः फिरवायला लागल्या की पंधरा दिवसांत आकडे खाली येतात, हे मी दोन-तीन ठिकाणी पाहिलंय.

चिपवाला विक्रेता मात्र तुमच्याकडे येईलच, तुमच्यासारखी युनिट त्यांच्या यादीत असतात. त्याला चहा द्या. त्याच्या बॅगेतली तयार कुपी बाजूला ठेवायला सांगा आणि तुमच्या लॅबकडून तुमच्याच पनीरच्या वीस पिशव्या तयार करून घ्या, काहींमध्ये पाच-दहा जिवंत साल्मोनेला घातलेले, काहींमध्ये मेलेले, काही कोऱ्या, वर फक्त नंबर. तपासणी लॅबमध्येच, यंत्र त्यानं तिथे न्यायचं, आणि निकाल कल्चरशी ताडायचा. याला कबूल झालेले विक्रेते मला आजवर दोनच भेटले. त्यातल्या एकाचं यंत्र सपशेल नापास झालं. पण तो सगळ्या पिशव्यांचे आकडे उतरवून घेऊन गेला आणि वर्षभरानं सुधारलेली चिप घेऊन परत आला. त्या वेळी मेलेल्या पिशव्या त्यानं बरोबर सोडल्या, जिवंतांपैकी दोन चुकल्या. त्याच्याशी माझं अजून बोलणं असतं.